शाळेच्या भिंतीला लागून

ताइफचा गुलाब बाजारात आला की मला तो नकोसा होतो. लोकांचं उलट असतं. जेद्दाच्या जुन्या बाजारात, बलदच्या गल्ल्यांत, त्या गुलाबी फुलांचे ढीग लागतात, बाया वाकून वाकून वास घेतात, दुकानदार येणाऱ्याजाणाऱ्याच्या तळहातावर गुलाबपाणी शिंपडतात, उन्हानं त्रासलेले चेहरे जरा खुलतात. मला मात्र त्या वासाबरोबर आठवतात ते भाड्याचे रिकामे फ्लॅट, धूळ खात पडलेले एसी, आणि फोन न उचलणारे एजंट. हा गुलाब येतो मार्च-एप्रिलात. नेमक्या त्याच दिवसांत इथल्या आम्हा भारतीयांच्या शाळांचं वर्ष बदलतं, आणि शाळेपायी माणसांची घरं बदलतात.

काल हनीफमामूंनी पिशवीभर फुलं पाठवली. मामू म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. श्रीवर्धनहून मिसरूड फुटायच्या वयात आले ते बलदमध्येच मुरले. हाजी लोकांना तसबीच्या माळा, टोप्या, अत्तरं विकतात. पिशवीबरोबर फोनही आला, "फुलं पाण्यात ठेव गो, आणि सनाचा पेपर कसा गेला ते सांग." मी फुलं पाण्यात ठेवली. पेपर कसा गेला हे मलाच ठाऊक नाही. सना सांगत नाही. बारावीच्या मुलीला पेपर कसा गेला हे विचारणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

दोन वर्षांपूर्वी ती दहावीत होती तेव्हा आम्ही यान्बूला होतो. समुद्राकाठचं शहर, पण समुद्राचा वास यायचा नाही, यायचा तो रिफायनरीचा. हे, म्हणजे सनाचे पप्पा इक्बाल, तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे सुपरवायझर. कंपनीचं क्वार्टर होतं, दोन खोल्यांचं, पुढं वीतभर अंगण. त्या अंगणात मी कढीपत्ता लावला होता, आणि शेजारच्या केरळी बाईनं शेवगा. ते क्वार्टर सहजासहजी मिळालेलं नव्हतं. लग्न झाल्यावरची पहिली कितीतरी वर्षं हे कामगारांच्या कॅम्पात राहिले, पत्र्याच्या खोलीत, आपल्याच रत्नागिरी-रायगडच्या फिटर-वेल्डरांबरोबर. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, धंदा बदलून घ्यायचा, मग फॅमिली स्टेटस, मग व्हिसा, मग क्वार्टर. एकेका शिक्क्यासाठी ह्यांनी उंबरठे झिजवले. मी आणि सना विमानातून उतरलो तेव्हा सना चार वर्षांची होती, आणि ह्यांना पाहून माझ्या मागं लपली होती.

तर असं ते घर. आणि सना शिकत होती त्या छोट्या शाळेत दहावीच्या पुढं सायन्स नव्हतं.

सायन्स नाही म्हटल्यावर आमच्या घरात जणू सुतक पडलं. सनाला सायन्सच हवं होतं, अगदी पाचवीपासून. कॉमर्स घे म्हणायची ह्यांची हिंमत झाली नाही, माझीही नाही. गावी पाठवावं तर कुणाकडं? माझी आई थकलेली, ह्यांच्या घरी कुणी उरलेलं नाही. उरलं जेद्दा. जेद्दात मोठी शाळा, मुलींची इमारत वेगळी, प्रयोगशाळा, सगळं. यान्बूहून गाडीनं साडेतीन-चार तास. "आपणच जेद्दाला जाऊ," हे म्हणाले. कंपनीचं जेद्दात ऑफिस होतं, तिथं एक जागा निघणार होती, साहेबानं होकार भरला होता. सगळं कसं जुळून आल्यासारखं दिसत होतं. असं जुळून आलेलं दिसलं की मी आता घाबरते. तेव्हा घाबरत नव्हते.

आमच्या लहानपणी शाळा निवडायची असते हे कुणाला माहीत होतं? घर जिथं, तिथली शाळा आपली. सुपारीच्या वाडीतून पायवाट, पुढं मशीद, पुढं शाळा. घंटा झाली की भाकरीचा तुकडा तोंडात कोंबून धावत सुटायचं. मास्तर बरे निघाले तर नशीब, नाही निघाले तर तेही नशीब. घर आधीपासून होतंच, बाकीचं त्याच्याभोवती. इथं सगळं उलटं. इथं घर आपलं नसतंच कधी. ते असतं एजंटचं, मालकाचं, कंपनीचं, आपला व्हिसा ज्याच्या हातात त्या कफीलचं. त्याला बांधायचं ते पोराच्या शाळेच्या खुंट्याला. शाळा हलली की तंबू हलला. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून म्हणतात. म्हण बनवणारा आखातात आला असता तर घर पाहावं शोधून म्हणाला असता.

ते शोधणं रमजानात आलं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतो, परीक्षा आणि ॲडमिशन मात्र जागच्या जागी बसलेल्या. त्या वर्षी दोन्हींची गाठ पडली. गुरुवारी यान्बूहून निघायचं, मामूंकडं उतरायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, रोजाच्या कोरड्या तोंडानं जिने चढायचे. एजंट अर्धवट झोपेत. किल्ल्या भलत्याच. एका फ्लॅटला खिडक्याच नव्हत्या, एजंट म्हणाला ऊन येत नाही, चांगलंच आहे की. एका घरात आधीचे लोक अजून राहत होते, ती बाई भांडी बांधता बांधता मला म्हणाली, "हमारा बेटा बारहवी कर लिया, खलास, जा रहे हैं." किती सहज म्हणाली! मला तिचा हेवा वाटला. तिचं सुटलं, आमचं बांधायचं होतं.

मामूंचा सल्ला एकच, "घर शाळेजवळ नको बघू गो. व्हॅनजवळ बघ." इथली रीतच तशी आहे. मुली शाळेत व्हॅननं जातात. व्हॅनवाला ज्या गल्लीत येतो तिथं घर घ्यायचं, तो येत नाही तिथं राजवाडा असला तरी नको. भाडं विचारायच्या आधी लोक व्हॅनवाल्याचा नंबर विचारतात. खरं सांगायचं तर जेद्दातले भारतीय कुठं राहतील हे ना मालक ठरवतात ना एजंट, ते व्हॅनवाले ठरवतात.

पण आम्ही कोकणातली माणसं. शाळा हाकेच्या अंतरावर असली म्हणजे जग जिंकलं. एका शुक्रवारी एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एजंटनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली, आणि समोर शाळा! मधे फक्त भिंत. भिंतीपलीकडं मैदान, बाकडी, पाण्याच्या टाक्या. हे खिडकीतून वाकून बघत राहिले. "अगं, इथून डबा फेकला तरी पोहोचेल," म्हणाले. इतके खूश ते सनाच्या जन्मानंतर मी पाहिले नव्हते. व्हॅनचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. व्हॅन कशाला लागते भिंतीला लागून राहणाऱ्याला?

शाळा उघडल्यावर कळलं. फाटक होतं पलीकडच्या अंगाला, मोठ्या रस्त्यावर. आणि पायी येणाऱ्या मुलींना ते उघडत नसे. मुलगी एकतर नोंदलेल्या व्हॅनमधून येणार, नाहीतर बापाच्या गाडीतून. नियम म्हणजे नियम. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, अहो आमचं घर ते काय, खिडकी दिसतेय. त्या बाईनं मान वर करून खिडकी पाहिलीसुद्धा. "व्हेरी नाइस," म्हणाली, आणि व्हॅनचा फॉर्म पुढं सरकवला. व्हॅनवाले बशीरभाई आमच्यापासून सुरुवात करायचे. म्हणजे सना सगळ्यात आधी बसायची, साऱ्या मोहल्ल्याला वळसा घालायची, आणि बाकीच्या पोरींबरोबर शेवटी शाळेत उतरायची, जी शाळा तिच्या उशीपासून दहा पावलांवर होती. घंटा घरात ऐकू यायची, पोरगी मात्र रस्त्यावर. मामू इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. माझा संताप झाला होता, आणि संताप काढायला माणूस घरात नव्हतं.

कारण हे यान्बूलाच राहिले होते.

शाळेला जेद्दातला पत्ता हवा होता, बापाच्या नावावरचा भाडेकरार हवा होता. कंपनीचं म्हणणं, क्वार्टर तरी घ्या नाहीतर घरभाडं तरी घ्या, दोन्ही मिळणार नाही. मग क्वार्टर सोडलं. बदली होणारच होती ना, काही महिन्यांचाच प्रश्न! तेवढे दिवस कॅम्पात काढतो म्हणाले, जुनी ओळखीची माणसं आहेत. अंगणातला कढीपत्ता मी केरळी बाईच्या स्वाधीन केला. पुढं साहेब बदलला, जेद्दातली जागाच रद्द झाली, आणि काही महिन्यांची दोन वर्षं झाली. ज्या पत्र्याच्या खोलीतून सुटायला माणसानं उमेदीची वर्षं घातली, तिथंच तो बायको-मुलगी त्याच देशात असताना परत गेला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

कॅम्पात बायकांना मज्जाव. मी तो कधी पाहिलेला नाही, मला तो फोनच्या पडद्यावर दिसतो. ह्यांच्या डोक्यामागं दोरी, दोरीवर कुणाकुणाच्या लुंग्या. कुणी गुहागरचा पोरगा मागून ओरडतो, "वहिनी, सलाम!" हे घाईनं फोन वळवतात. जेवलात का विचारलं की नेहमीचं उत्तर, जेवलो. काय जेवलात विचारलं की आठवत नाही. ज्यांच्यावर दिवसभर सुपरवायझर, त्यांच्याच रांगेत सकाळी बादली घेऊन उभं राहायचं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मामूंच्या दुकानात आलेल्या एका कॅम्पवाल्याकडून मला कळलं. त्या दिवशी मी कांदा चिरायला घेतला, म्हणजे सनानं कारण विचारू नये.

दर गुरुवारी ते गाडी काढून यायचे, शनिवारी दुपारी परतायचे. दोन दिवसांचा पाहुणा. सना टेबलावर पुस्तकं पसरून बसलेली, हे पाय न वाजवता चालायचे. टीव्ही लावायचा नाही, फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही. एकदा आपल्याच घरात दार वाजवून विचारलं, "मी आत येऊ का?" सना म्हणाली, "पप्पा, यू डोन्ट हॅव टू आस्क." पण मान वर केली नाही. तिला काही बोलून उपयोग नाही, अभ्यासाचा डोंगर तिच्या डोक्यावर, आणि तो आम्हीच ठेवलेला.

एका गुरुवारी धुळीचं वादळ आलं. आधी आभाळ पिवळं झालं, मग तांबूस, मग समोरची शाळाच दिसेना. ह्यांचा फोन लागेना. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली, गाडीचा पत्ता नाही. मी खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबत होते आणि मनात नको नको ते येत होतं. त्या रस्त्यावर उंट आडवे येतात, ट्रेलर उलटतात, थकलेली माणसं स्टिअरिंगवर झोपतात. सना केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन बसली होती, पण पान उलटत नव्हती. शेवटी म्हणाली, "मम्मी, मेरी वजह से हुआ ना?" मी म्हटलं, "गप्प बस, काही झालेलं नाही." काय झालंय हे तिनं विचारलंच नव्हतं, आणि मी उत्तर देऊन बसले. हे आले तेव्हा भुवया पांढऱ्या, कानात रेती, आणि हातात केळ्यांची पिशवी. दारातच म्हणाले, "उशीर झाला, तुमचं जेवण राहिलं असेल." मी त्यांच्यावर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. रागावण्यासारखं त्यांनी काहीच केलं नव्हतं. पण भीती जायला दुसरी वाट कुठं होती?

आता तो हंगाम परत आलाय. आमच्या इमारतीत कुटुंबं आडनावानं ओळखली जात नाहीत. वरचे नववीवाले, मधले सातवीवाले, आम्ही बारावीवाले. बारावीवाले झालं की लोक तुमच्या सामानाकडं बघायला लागतात. परवा खालची हैदराबादी भाभी बिर्याणीचं ताट घेऊन आली. इकडचं तिकडचं झालं, मग नजर हळूच कोपऱ्यात गेली. "भाभी, वॉशिंग मशीन किसी को बोले तो नहीं ना?" मला राग यायला हवा होता. पण आम्हीही आलो तेव्हा सोफा असाच एका बारावीवाल्यांचा उचलला होता. त्यांची बाई सोफ्याच्या हातावर तळवा फिरवत उभी होती, आणि मी तिला घाई करत होते. यल्ला, चला लवकर, टेम्पोवाला थांबलाय.

"अभी कुछ ठहरा नहीं," मी भाभीला सांगितलं. खरंच ठरलेलं नव्हतं. म्हणजे माझं. सनाचं ठरलं होतं.

रात्रीच्या भाकऱ्या थापत होते तेव्हा ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. पुण्याच्या कॉलेजांची नावं, आणि त्यांच्याजवळचे फ्लॅट. फोटो, भाडं, नकाशा, सगळं काढून ठेवलेलं. "ये वाला देखो मम्मी, कॉलेज से टेन मिनिट्स. गेट भी इसी साइड है, मैंने चेक किया." पोरगी काय शिकली बघा! आम्ही दोघांनी जन्मभर जे केलं तेच ती करत होती, आमच्याहून नीट. दोन बेडरूम होत्या. एक तिची. दुसरी कुणाची हे मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "आप रहोगे ना मेरे साथ. मैं अकेली नहीं रह सकती, आय कान्ट." चार वर्षांची असताना माझ्या मागं लपली होती, तोच चेहरा.

"आणि पप्पा?" मी विचारलं.

"पप्पा को तो आदत है," ती म्हणाली.

वाईट मनानं नाही म्हणाली. आज उकाडा आहे म्हणावं तसं म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली, घरभर धूर झाला, आणि त्या धुराच्या आडून मला रडता आलं ते एक बरं झालं. आदत. कुणाला कॅम्पची सवय होते का? सवय झाली असं आपण म्हणत राहतो, म्हणजे आपल्याला झोप लागते. या मुलीच्या लेखी बाप म्हणजे गुरुवारी येणारं माणूस. ते तिनं ठरवलेलं नाही. एकेक घर शाळेच्या जवळ नेताना आम्ही त्याला तिच्यापासून थोडं थोडं लांब नेलं, आणि मोजलं कधीच नाही.

ह्यांना सांगितलं तर हेही तेच. "तू जा तिच्याबरोबर. मुलगी परक्या शहरात एकटी कशी राहील? माझं काय, मला सवय आहे." बापलेकीनं जणू संगनमत केलेलं! मी सरळ सांगितलं, "ती हॉस्टेलला राहील. मी यान्बूला येणार."

हे सांगणं सोपं नव्हतं, आणि ते बरोबर होतं अशी छातीठोक खात्री मला आजही नाही. अठरा वर्षांची मुलगी, जिनं घरापासून शाळेपर्यंत पायी जायचं स्वातंत्र्य कधी पाहिलं नाही, तिला मी तिथल्या रस्त्यांवर एकटीला सोडणार. मामू म्हणाले, "गो, आईचं काळीज आहे की दगड?" मी म्हटलं, "मामू, तुम्हीही चाळीस वर्षं मामीला गावी ठेवलीत. त्यांचं काळीज कशाचं होतं, कधी विचारलंत?" गिऱ्हाईक आलंय म्हणत त्यांनी फोन ठेवला. मला नंतर वाईट वाटलं. उद्या दुकानात जाऊन माफी मागणार आहे, पण शब्द मागं घेणार नाही.

सना दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. ताट आत घेऊन जाते, रिकामं बाहेर ठेवते. आज सकाळी पेपरला जाताना मी डोक्यावरून हात फिरवायला गेले तर बाजूला झाली, आणि खाली बशीरभाईंच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली. मी खिडकीत उभी राहिले. व्हॅन आमच्या इमारतीपासून दूर गेली, शाळेच्या उलट दिशेला.

दुपारी ह्यांचा फोन आला. आवाज बदललेला होता, घाईचा, जरा लाजल्यासारखा. ऑफिसात विचारलं म्हणाले, क्वार्टर इतक्यात मिळायचं नाही, मोठी रांग आहे. बाहेर घर बघावं लागेल. एका एजंटला आजच भेटतोय. मागून कुणीतरी मराठीत हसत होतं, हे त्याला गप्प कर म्हणत होते. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं,

"बरं, मग सांग. शाळेपासून किती लांब चालेल?"

"कुठल्या शाळेपासून हो?" मी म्हटलं.

त्यांनी आधी मागच्या हसणाऱ्याला बाहेर घालवलं. मग हळूच म्हणाले, "मग एजंटला विचारू तरी काय?"